डाव्याचं उजवं शिंग

पोळ्याच्या दिवशी सासऱ्यांच्या बैलानं माझ्या झडतीला मान डोलावली, असं मी पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. झडती म्हणजे तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना मोठ्यानं म्हणायची तुकबंदी. म्हणणारा शेवटी ‘हर हर महादेव’ करतो आणि त्याच्यामागे सगळं गाव. मी ती दरवर्षी वर्ध्याहून रचून नेतो. यमक जुळतं, अर्थाची हमी नसते. सासुरवाडीची, रोहण्याची माणसं जावयाचा मान म्हणून ऐकून घेतात आणि लगेच दुसऱ्याला बोलवतात. पण त्या वर्षी मी पहिली ओळ म्हटली आणि बैलानं मान हलवली. दुसरी म्हटली, पुन्हा हलवली. उजवीकडे एक झटका, मग थांबून आणखी एक.

“जवाईबुवा, तुमची कदर करनारा भेटला एकदाचा!” मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले. मीही हसलो आणि तिसरी ओळ जरा लांबवली.

सासऱ्यांची एकच जोडी. आमच्याकडची गवळाऊ जात, पांढरीशुभ्र, पायानं चपळ. जुवाच्या डाव्या अंगाला चालतो तो डावा आणि उजव्या अंगाला चालतो तो उजवा, एवढ्यावरच त्यांचं बारसं झालं होतं. मान हलवली ती डाव्यानं. त्याची शिंगंही त्या वर्षी मीच रंगवली होती. माझं वर्ध्यात रंगाचं दुकान आहे, त्यामुळे लग्न झाल्यापासून पोळ्याचा रंग माझ्याकडून जातो. एरवी नुसता डबा द्यायचो. त्या वर्षी आदल्या दिवशीच पोचलो आणि बाह्या सारून स्वतः बसलो. लोखंडी फाटक रंगवावं तसं सगळं रीतसर केलं. आधी पॉलिश पेपरनं खरखर घासलं, मग प्रायमर, मग लाल ऑइल पेंटचे दोन हात.

सासरे गुरांच्या कोठ्याच्या तोंडाशी उभे राहून बघत होते. “बैल हाये तो, जवाईबुवा. गेट नाई.”

“मामाजी, बेस चांगला पायजे. मंग रंग वर्षभर हालत नाई.”

घासताना डावा सारखी मान ओढत होता. मला वाटलं, गुदगुल्या होत असतील.

दसरा झाला, सोयाबीन निघालं. एका सकाळी दुकानात निघायच्या वेळी बायको फोन ठेवून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा चेहरा मला आवडला नाही.

“बाबाचा फोन होता. डाव्याचं उजवं शिंग झुकलं म्हनते.”

“उजव्याचं डावं?”

“डाव्याचं उजवं! आन नाकातून रगत येऊन राह्यलं.”

डावा तिचा. म्हणजे दावणीला सासऱ्यांच्या, पण वासरू असताना त्याची आई पान्हा चोरायची, तेव्हा बायको बाळंतपणासाठी माहेरी होती आणि तिनं एका मांडीवर आमची मुलगी आणि दुसऱ्या हातात दुधाची बाटली धरून त्याला वाढवलं, असं ती सांगते. हिशेब केला तर बैलाचं आणि मुलीचं वय जुळत नाही. पण तो हिशेब मी तिच्यासमोर कधी केलेला नाही. मी दुकानाची किल्ली खुंटीला अडकवली आणि मोटरसायकल काढली.

सासऱ्यांचं वावर गावापासून जरा दूर, जंगलाच्या बाजूला. जनावरांचा कोठाही तिथेच. पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेनं, जाताना डावीकडे तूर चांगली डोक्याएवढी झाली होती आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रोह्यांचा कळप उभा होता. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे शेताचं नुकसान सांगताना पहिला नंबर तिचाच. कळप आमच्याकडे बघून पळाला. एक मागे राहिली. तिच्या गळ्याखाली नारळाएवढी गाठ लोंबत होती. ती चार पावलं पळे आणि थांबे.

डावा कोठ्यात मान तिरपी करून उभा होता. उजवं शिंग बुडापासून कलंडलेलं, नाकपुडीतून रक्ताचा बारीक धागा. शिंगावरचा माझा लाल रंग मात्र दुकानातल्या नमुन्यासारखा चमकत होता. मी जवळ गेलो तशी त्यानं मान हलवली. उजवीकडे एक झटका, मग थांबून आणखी एक.

तीच दाद.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर दुपारी आल्या. वय आमच्या मुलीपेक्षा थोडं जास्त असेल, पण हात बैलाला ओळखीचा वाटावा असा. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी डाव्या शिंगावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. पोकळ, खणखणीत आवाज आला. मग उजव्यावर केलं. ओल्या भिंतीवर वाजवावं तसा भद्द आवाज. त्यांनी पुन्हा वाजवून पाहिलं. पुन्हा तसाच.

“शिंगाचा कॅन्सर आहे, काका,” त्या म्हणाल्या. “शिंग आतून पोकळ असतं. ती पोकळी भरत चाललीय. बुडापासून कापावं लागेल, आणि लवकर. ते खाली कवटीत उतरलं तर मग माझ्या हातात काही नाही.”

सासरे खाली बसले. बायको पदर तोंडाला लावून बैलाकडे बघत राहिली. बोलायला मीच उरलो, आणि जे विचारायचं होतं ते विचारायची माझी इच्छा नव्हती.

“मॅडम, मी पोळ्याले घासलं होतं ते. पॉलिश पेपरनं. तवाच मान झटकत होता तो.”

“एका दिवसाच्या घासण्यानं होत नाही हो. तेव्हा तो मान हलवत होता ना? म्हणजे सुरू झालेलंच होतं.”

“आन दरवर्षीचं? शिंग साळनं, रंग देनं?”

त्यांनी आधी हात धुतले, रुमालाला पुसले. “त्यानं भलं तर होत नाही. ऊन आहे, दोराचं घासणं आहे, रंग आहे. खात्रीनं एकच कारण कोणी सांगू शकत नाही. गाईंपेक्षा आणि वळूंपेक्षा खच्ची केलेल्या बैलांत हे जास्त दिसतं, एवढं मात्र आहे.”

सासऱ्यांनी मान वर केली. “मंग मॅडम, सांबराच्या डोस्क्यावर एवढं झाड असते. त्याले काऊन होत नाई?”

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला. पण मॅडम खाटेवर बसल्याच. म्हणाल्या, शरीर म्हणजे रोज नवा माल बनवणारा कारखाना आहे. एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी होतात आणि कुठेतरी नक्कल चुकते. चुकलेली पेशी थांबायचं विसरते. म्हणून प्रत्येक शरीरात चौकीदार असतात. चुकलेलीला दुरुस्त करतात, नाही जमलं तर तिला मरायला लावतात. सांबराचं शिंग दरवर्षी गळतं आणि थोड्या महिन्यांत नवं उगवतं. ते हाड जवळजवळ कॅन्सरच्याच वेगानं वाढतं. “वाढ तशीच, काका. पण त्याला बस म्हणणारा आत आहे. ज्याला एवढ्या वेगानं वाढवायचंय त्याला चौकीदारही तेवढेच कडक ठेवावे लागतात. नाहीतर सांबराची जातच राहिली नसती. हत्तीचं तेच. एवढं मोठं शरीर, एवढ्या पेशी, त्याला तर आपल्यापेक्षा जास्त व्हायला पाहिजे. पण त्याच्याकडे एकाच कामावर कितीतरी चौकीदार आहेत.”

“मंग सगळ्याईलेच तसे काऊन नाई देले देवानं?” बायको म्हणाली. तिच्या आवाजात भांडण होतं.

“चौकीदार खातात ना, ताई. जो दाणा चौकीदाराला जातो तो वाढीला जात नाही, पिलांना जात नाही. उंदराला पुढच्या पावसाळ्यापर्यंत साप किंवा घुबड खाणारच आहे. तो दहा वर्षांचा बंदोबस्त कशाला करील?”

मी दुकानदार, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला फार लवकर कळलं आणि कळायला नको होतं. जेवढा माल तेवढं कुलूप. ज्या दुकानात माल संपत आला त्याच्या शटरला कोणी नवं कुलूप घेत नाही. मॅडम पुढे सांगत होत्या की बैलाला आपण खच्ची केलं, रंग बघून आणि चाल बघून निवडलं, वाघापासून वाचवलं आणि त्याच्या रानटी पूर्वजांनी क्वचितच पाहिलं असेल अशा वयापर्यंत आणलं. मी मात्र माझ्या शटरचा विचार करत होतो. पन्नाशी उलटलेली. मुलगी नोकरीला लागलेली. निसर्गाच्या दृष्टीनं माझ्यात आता काय माल उरला होता? माझा चौकीदार कधीचाच खाटेवर आडवा झाला असेल.

“रोह्यालेबी होते का हे?” सासऱ्यांनी धुऱ्याकडे हात केला. “थे एक फिरते. गळ्याखाली गाठ हाये. पोळ्याच्या आधीपासून पाहून राह्यलो.”

“ती गाठ कशाची ते इथून कळणार नाही. पण जंगलातल्या जनावरांनाही कॅन्सर होतो. फक्त तो आपल्याला फार दिवस दिसत नाही.”

“काऊन?”

मॅडमनी पिशवीची चेन लावली. “आपल्याआधी तो दुसऱ्या कोणाला तरी दिसतो.”

सासऱ्यांचं म्हणणं पडलं की हरभरा पेरून होऊ द्या, मग बघू. खरं कारण हरभरा नव्हता. एका शिंगाचा बैल तोरणाखाली कसा उभा करायचा, हे होतं. त्यांनी आयुष्यात कधी जोडीशिवाय पोळा केला नव्हता आणि जोडी म्हणजे दोन बैल, चार शिंगं.

“बाबा,” बायको म्हणाली, “तुमाले शिंग पायजे का बैल पायजे?”

“तुले काय समजते?”

“बाटलीनं दूध पाजलं तवा समजत होतं ना? मंग आतापन समजते.”

सासरे उठून कोठ्यामागे गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात दावं होतं. बैल खाली पाडायला जाड दावं लागतं. त्यावरून आम्ही ओळखलं.

शिंग कापायचं ठरलं त्या दिवसापर्यंत मी घरी आरशासमोर काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. मानेखाली चाचपलं, काखेत चाचपलं, जिभेखाली टॉर्च मारला. एकदा तर मॅडमसारखं बोटाच्या पेरानं स्वतःच्या डोक्यावर वाजवून पाहिलं. चांगलं पोकळ वाजलं. त्या गोष्टीचा आनंद होण्याचा तो आयुष्यातला पहिला प्रसंग. नेमकी बायको दारात उभी होती. ती टॉवेल घेऊन गेली.

गावातल्या चार जणांनी मिळून डाव्याला पाडलं. मॅडमनी डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन शिंगाची नस बधिर केली. डोकं धरायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीचे पायांवर होते. मी गुडघ्यावर बसून ते जड, गरम डोकं दाबून धरलं आणि डोळे मिटले. मग तारेच्या करवतीचा आवाज सुरू झाला. तो आवाज मला ओळखीचा होता. माझ्या पॉलिश पेपरचा.

डोळे उघडले ते मॅडमनी “हे बघा” म्हटल्यावर. बघायला नको होतं. शिंगाच्या पोकळीत फुलकोबी सडावी तसं काहीतरी गच्च भरलेलं होतं, गुलाबी, पांढरट, आणि वास असा की नाकातून दोन दिवस गेला नाही. मला त्यात सगळ्यात भीती कशाची वाटली असेल तर ते मेलेलं नव्हतं याची. ते चांगलं जोमात होतं. त्याला खायला मिळत होतं, वाढायला जागा होती, थांब म्हणणारं कोणी नव्हतं. एखादं पीक जोरात आलं की शेतकरी ज्याला बरकत म्हणतो, तसं ते दिसत होतं.

बाहेरून रंगाचा टवकाही उडालेला नव्हता.

सासऱ्यांनी ते शिंग कुत्र्यांनी उकरू नये म्हणून खोल खड्ड्यात पुरलं, वर चुना टाकला. परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बेस चांगला होता, जवाईबुवा.” ते थट्टा करत होते की रडत होते, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

जखम उघडी होती. शिंगाच्या जागी मूठ जाईल एवढं भोक, थेट कवटीच्या पोकळीत उतरणारं. त्यात माशी बसू द्यायची नाही, रोज धुवायचं, औषधाची पट्टी भरायची. बायको माहेरी राहिली. मी दुकानाला एक दिवसाआड दांडी मारून जात होतो. मॅडम येऊन बघत आणि नेहमी एकच सांगत, “आता तरी स्वच्छ दिसतंय.” त्या ‘आता तरी’वर माझा जीव अडकायचा.

अशाच एका दुपारी मी पोचलो तर वावरातली सगळी माणसं धुऱ्यावर गोळा झालेली. रोही मारली होती. नाल्याच्या काठी ओढत नेऊन मागचा भाग खाल्लेला. वनविभागाचे लोक येऊन गेले होते. वाघ आहे, एकट्यानं वावरात जाऊ नका, जनावरं आत बांधा, येता-जाता आवाज करत चला, असं सांगून गेले होते. मी लांबूनच पाहिलं. गळ्याखाली नारळाएवढी गाठ तशीच होती. तेवढी त्यानं सोडली होती.

कळपात कितीतरी रोही होत्या. धष्टपुष्ट, तुरीवर पोसलेल्या. त्यानं नेमकी हीच उचलली. मॅडमचं वाक्य तेव्हा माझ्या मणक्यातून खाली उतरलं. जंगलात आजारी पडायची मुभाच नाही. एक पाऊल हळू पडलं, एक झटका मान हलली, की ते कोणीतरी टिपून ठेवतं. कदाचित म्हणूनच बाकीच्यांचे चौकीदार इतके कडक राहिले असतील; ज्यांचे ढिले पडले त्यांची पोरं मागे उरलीच नाहीत. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण आमच्या कोठ्यात एक बैल होता, डोक्याला भोक पडलेला, रक्ताचा आणि पुवाचा वास येणारा, मान हलवणारा. त्या सगळ्या शिवारात आता सगळ्यात आजारी जनावर कोण, हे सांगायला वाघाला मॅडमची गरज नव्हती.

“आत्ताच्या आत्ता गावात न्यायचे,” सासरे म्हणाले. “कोठ्याले दार नाई. नुसत्या तुराट्याच्या ताट्या हायेत.”

निघता निघता ऊन कललं. पुढे सासरे उजव्याला घेऊन, मग डाव्याचा कासरा धरून बायको, सगळ्यात शेवटी मी. मी शेवटी का, याचा विचार पांदणीत शिरल्यावर सुचला. वाघ मागून येतो म्हणतात. माझ्या हातात एक थाळी आणि एक काडी होती.

“वाजवा ना,” बायको म्हणाली.

मी वाजवली. थाळीचा आवाज तुरीत शिरला आणि तिथेच राहिला. दोन्हीकडे तूर, वाटेवर बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि डाव्याच्या पट्टीतून मधूनच एक थेंब धुळीत पडत होता. मी त्या थेंबांवर पाय टाकत चाललो होतो. पुसण्यासाठी. जणू वाघ वाचत वाचत येणार होता.

“तोंडानंबी काई म्हना,” सासरे मागे न बघता म्हणाले. “मानसाचा आवाज पायजे.”

एवढ्या वर्षांत मला पाठ असलेली एकच गोष्ट तोंडात आली. मी झडती म्हणायला लागलो. पोळ्याला म्हटलेली, तीच. यमकाच्या जागी धाप लागत होती. पहिल्या ओळीला डाव्यानं मान हलवली. उजवीकडे एक झटका. मी थांबलो.

“म्हना ना, काऊन थांबले?” बायकोनं मागे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ घट्ट होते.

मी पुढची ओळ म्हटली. आणि तेव्हाच पुढचा उजवा थांबला. त्याचे दोन्ही कान डावीकडच्या तुरीकडे फिरले. तो फुरफुरला आणि मागे सरकला, इतका की सासऱ्यांच्या हातातला कासरा ताणला गेला. डावाही थांबला. त्याला फक्त एकच कान नीट फिरवता येत होता, तो त्यानं फिरवला. कळपातली जनावरं उभी राहावीत तसे आम्ही… म्हणजे दोन बैल आणि तीन माणसं एकमेकांना चिकटून उभे राहिलो. तुरीत वारा नव्हता. शेंडे हलत नव्हते. मी काहीही वाजवत नव्हतो, कारण काडी कधी पडली ते मला माहीत नाही. बायकोनं डाव्याच्या डोक्यावरची जखम आपल्या पदरानं झाकली. वास लपवायला. मग तो पदर तसाच धरून ती त्याच्या मानेला बिलगून उभी राहिली, तुरीच्या बाजूनं. मध्ये. मला आजही कधीकधी ते दिसतं आणि दर वेळी वाटतं, त्या बाजूला मी उभा असायला हवा होतो.

“चाल बाप्पा,” सासरे अगदी हळू आवाजात उजव्याला म्हणाले. “चाल, राजा. घर आलं.”

घर आलं नव्हतं. पण उजव्यानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. आम्ही निघालो. तुरीत काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. रानडुक्कर असेल. काहीच नसेल. मी गावाच्या पहिल्या घरापर्यंत झडती म्हणत होतो, असं बायको सांगते. मला आठवत नाही.

डावा नंतर गावातल्या घराच्या ओसरीत राहिला, सोफ्याच्या शेजारी, आणि येणारा पाहुणा आधी त्याची चौकशी करी. थंडी सरता सरता भोक भरत आलं. वर चामडी आली. उन्हाळ्यात जागा सपाट झाली. मॅडम म्हणाल्या, “पुन्हा होणार नाही असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या शिंगावर लक्ष ठेवा. रोज वाजवून बघत जा.” तेव्हापासून सासरे सकाळी दात घासून झाले की आधी डाव्याचं उरलेलं शिंग वाजवतात. देवपूजा त्यानंतर. वाघ त्या भागात आणखी दोनदा दिसला आणि मग दिसेनासा झाला. गेला असं कोणी म्हणत नाही.

पुढचा पोळा आला. मी रंग नेला नाही. सासऱ्यांनी शिंगांना हळद आणि तेल लावलं, तीन शिंगांना. चौथ्याच्या जागी बायकोनं झेंडूची माळ गुंडाळली. तोरणाखाली जोडी उभी राहिली तेव्हा कोणी हसलं नाही. मला वाटलं हसतील.

“जवाईबुवा, होऊन जाऊ द्या!” लोकांनी आवाज दिला. मी नाही म्हणत होतो. ढकलत पुढे आणलं. म्हटली पहिली ओळ, जरा हळू आवाजात.

डाव्यानं मान हलवली.

मी गप्प झालो. लोकही गप्प झाले, कारण आता सगळ्या गावाला त्या मान हलवण्याचा अर्थ माहीत होता. सासरे वाकले. झेंडूची माळ बाजूला करून डावं शिंग एका हातानं धरलं आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं वाजवलं. तोरणाखाली एवढी माणसं आणि एवढे बैल, पण तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला. पोकळ. त्यांनी कान जवळ नेऊन पुन्हा वाजवलं. पोकळच. डाव्याच्या कानावर एक माशी बसली होती, ती उडाली.

“माशी व्हय,” सासरे म्हणाले. मग जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: “माशी व्हय हो!” ‘हर हर महादेव’ झालं. माझी झडती पुरी म्हणायची राहिली, त्याची तक्रार कोणी केली नाही.

परतताना मोटरसायकलवर बायको मागे बसली होती. तूर दोन्हीकडे गुडघ्याएवढी होती, त्यात अजून काही लपण्यासारखं नव्हतं, तरी मी गाडी जरा जोरातच चालवत होतो. आर्वी रोड लागल्यावर ती म्हणाली,

“पंचवीस वर्षं झाले, तुमचं बोलनं आयकून मीबी मान हलवून राह्यली. माहं डोस्कं वाजवून पायलं का कोनं?”

मी हसलो. ती हसली नाही. थोड्या वेळानं तिनं माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला आणि माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, “माशी होती, मीनंबी पायली. पन उद्या सकाळी मॅडमले फोन लावजा.”